नाईट नसलेल्या दिवसांचे काय?

गणपती बसले की रोहा, तळा, माणगाव, म्हसळा या पट्ट्यातल्या वाड्यांवर रात्री बाल्या नाच उभा राहतो. मधोमध शाहीर, मृदंगवाला आणि झांजकरी बसलेले असतात आणि त्यांच्याभोवती आठ-दहा गडी पायात चाळ बांधून गोल फिरत असतात. गण होतो, गवळण होते, मग पुराणातले कूट प्रश्न सुटतात, मधूनच एखादे चालू घडामोडींवरचे गाणे येते. कुणी याला जाखडी म्हणतो. दोन मंडळे समोरासमोर आली की तोच शक्ती-तुऱ्याचा सामना होतो. शक्तीवाले प्रकृतीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची. ही परंपरा कलगी-तुऱ्याच्या मोठ्या घराण्यातली आहे आणि शाहीर आपल्या गुरूचे नाव घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही.

फलकावर नाव असते ते शाहिराचे. भोवती फिरणाऱ्या आठ-दहा जणांची नावे गावाबाहेर कुणाला ठाऊक नसतात. सकाळ झाली की त्यातला एक धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जातो, दुसरा रिक्षा काढतो, तिसरा भाताच्या खाचराकडे वळतो. चौथा मुंबईहून रजा टाकून आलेला असतो आणि विसर्जन झाले की गाडी पकडतो. पेणकडे तर या हंगामाचे गणित आणखी गमतीचे आहे. हमरापूर, जोहे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत शेवटच्या मूर्तीची आखणी होईपर्यंत माणसाला मान वर करायला फुरसत नसते. मूर्ती बाहेर पडल्या की हात मोकळे होतात आणि नेमके तेच नाचाचे दिवस असतात. ‘तू काय करतोस?’ या प्रश्नाला यातला कुणीही ‘नाचतो’ असे उत्तर देणार नाही. नाच हे त्याचे काम नाही, त्याच्या वर्षाचा एक भाग आहे.

नाच हेच काम करायचे ठरवले तर काय होते? त्यासाठी किती शिकावे लागते, पगार कोण देतो आणि शरीर किती वर्षे साथ देते? या प्रश्नांचे जगातले सर्वांत आखीव उत्तर म्हणजे बॅले कंपनी. तिच्या रचनेत पेण-रोह्याच्या नाचणाऱ्या पोरापोरींना कळण्याजोगे बरेच काही आहे, आणि आपल्याकडे ती का रुजली नाही याचे उत्तरही तिच्यातच आहे.

बॅले म्हटले की डोळ्यांपुढे पॅरिस, मॉस्को, लंडन येते. पण या कलेचा बराच संसार लहान शहरांतल्या कंपन्यांवर चालतो. अमेरिकेत अटलांटा शहरात डॉरथी अलेक्झांडर या बाईंनी 1929 मध्ये स्थानिक मुलींना घेऊन अशी संस्था उभी केली. 1956 मध्ये तिथेच अमेरिकेतला पहिला प्रादेशिक बॅले महोत्सव भरला. न्यूयॉर्कला न जाता आपल्या गावात राहून नाचता यावे, एवढीच त्यामागची साधी इच्छा. आज अशा कंपनीत साधारण वीस ते पन्नास पगारी नर्तक असतात आणि कंपनीला जोडून तिची स्वतःची शाळा असते. शाळा दोन कामे करते. उद्याचे नर्तक घडवते आणि आजच्या नर्तकांचे पगार भागवायला फीचा हातभार लावते. गावातली शंभर मुले शिकतात, त्यातले एखाददुसरे कंपनीत जाते, उरलेली पुढे तिकीट काढून बघायला येतात. हा हिशेब निर्दय वाटतो, पण कंपनी त्याच्यावरच उभी असते.

शिक्षण आठव्या-दहाव्या वर्षी सुरू होते. पहिली काही वर्षे भिंतीलगतच्या आडव्या दांडीला धरून त्याच त्या हालचाली करायच्या असतात. गुडघे वाकवणे, पाऊल जमिनीवरून सरकवत पुढे नेणे, पाय हळूहळू उचलणे. सगळा भर मांडीचे हाड खुब्याच्या सांध्यात बाहेरच्या बाजूला फिरवण्यावर असतो. हे फिरवणे खुब्यातून व्हायला हवे. ते गुडघ्यातून किंवा घोट्यातून ओढून आणले तर काही वर्षांत गुडघा बोलू लागतो. बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे बूट मुलींना साधारण अकराव्या-बाराव्या वर्षानंतर, पायाचे स्नायू तयार झाल्यावरच देतात. घाई करणारा शिक्षक चांगला मानला जात नाही. सतरा-अठरा वर्षांच्या वयात निवड होते. आधी उमेदवारी, मग समूहनर्तक, त्यातून काही जण एकल नृत्यापर्यंत आणि एखादाच मुख्य नर्तकाच्या जागेवर पोहोचतो. बहुतेकांची सगळी कारकीर्द समूहातच जाते. आणि एक गोष्ट सगळ्यांना सारखी असते. सकाळचा तास कुणालाच चुकत नाही, वीस वर्षे मुख्य भूमिका केलेल्या नर्तकालाही. त्यानंतर दिवसभर तालीम.

पगार मात्र वर्षभराचा नसतो. लहान कंपन्यांचे करार वर्षातल्या काही ठरावीक आठवड्यांचेच असतात. उरलेल्या काळात नर्तक शिकवण्या घेतात, हॉटेलांत काम करतात, दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून नाचतात. कंपनीची वर्षभराची बेगमी होते ती डिसेंबरात, नाताळच्या सुमारास. चायकोव्स्कीच्या संगीतावरचा ‘नटक्रॅकर’ हा बॅले 1892 मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्रथम झाला, तेव्हा तो फारसा गाजला नव्हता. 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्को बॅलेने तो अमेरिकेत प्रथमच संपूर्ण सादर केला, 1954 मध्ये जॉर्ज बॅलन्शीन यांनी न्यूयॉर्कमध्ये नव्याने बसवला आणि त्यानंतर तो नाताळचा कुळाचारच होऊन बसला. उंदीर आणि शिपाई झालेली लहान मुले शाळेतलीच असतात, त्यामुळे त्यांचे आईबाप, आजीआजोबा, शेजारी सगळे तिकीट काढतात. कित्येक कंपन्यांच्या वर्षाच्या तिकीट उत्पन्नाचा मोठा वाटा या एका खेळातून येतो. सणाच्या जोरावर कला तगून राहणे ही केवळ कोकणातली गोष्ट नाही, हे ध्यानात ठेवावे. फरक इतकाच की तिथे सणाची कमाई उरलेल्या अकरा महिन्यांच्या पगारासाठी साठवली जाते. आपल्याकडे गणपतीत मिळालेली बिदागी मंडळाच्या नव्या मृदंगात, पोशाखात, फार तर देवळाच्या रंगात जाते.

असे काही आपल्याकडे झालेच नाही असे मात्र नाही. मुंबईत झाले, आणि धाडसाने झाले.

नर्तक उदयशंकरांचे अल्मोड्याचे नृत्यकेंद्र 1944 च्या सुमारास बंद पडले. तिथून बाहेर पडलेल्या मंडळींपैकी काही जण मुंबईत आले आणि अंधेरीत इप्टा या नाट्यसंघटनेच्या मध्यवर्ती पथकात सामील झाले. हे पथक एकत्र राहत असे. सकाळी व्यायाम, मग नाच, गाणे, चर्चा, स्वयंपाक, सगळे वाटून. पथकाचे नृत्यदिग्दर्शक होते कुमिल्ल्यात जन्मलेले शांती बर्धन. पथक विस्कटल्यावर बर्धन यांनी 1947 मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे भव्य नृत्यनाट्य बसवले. त्याला संगीत रविशंकरांचे होते. 1952 मध्ये त्यांनी मुंबईतच लिटल बॅले ट्रूप ही मंडळी उभी केली. तोवर क्षयाने त्यांचे एक फुप्फुस निकामी झाले होते. तरीही त्यांनी ‘रामायण’ बसवले, तेही असे की नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हलतात. कोपर, मनगट, मान यांचे प्रत्येक वळण तुटक, धाग्याने ओढल्यासारखे. बघणाऱ्याला ते सोपे वाटते. करणाऱ्याला मात्र, लहानपणापासून ज्या गोलाईचा आणि लयीचा सराव केला ती पूर्ण विसरून शरीर नव्याने तोडून जोडावे लागते. असे काम महिन्यातून दोनदा भेटणाऱ्या हौशी मंडळींकडून होत नाही. रोज एकाच छपराखाली घाम गाळणारी मंडळी लागते. 1954 मध्ये बर्धन गेले. ‘पंचतंत्र’ अर्धे राहिले होते, ते सहकाऱ्यांनी पुरे केले. पत्नी गुल बर्धन यांनी पुढची पन्नासहून अधिक वर्षे ही मंडळी चालवली.

पण मुंबईत नाही. 1964 मध्ये मंडळी ग्वाल्हेरला गेली आणि पुढे भोपाळला स्थिरावली. माझ्या मते मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातली ही खरी हळहळण्याजोगी घटना आहे आणि तिच्याबद्दल मराठीत फारच कमी बोलले गेले आहे. एका नाट्यप्रयोगाला चार तासांचे नाट्यगृह पुरते. नृत्यमंडळीला रोज सहा-आठ तास मोकळी, छपराखालची, भाडे परवडेल अशी जागा लागते आणि नर्तकांना तिथून जवळ राहायला लागते. मुंबईच्या जमिनीचे भाव आणि नर्तकाची मिळकत यांची सांगड कधी बसलीच नाही. 1953 मध्ये सुरू झालेले सचिन शंकर बॅले युनिट मुंबईतच टिकले, पण त्याला चित्रपटांच्या नृत्यरचनेचा आधार होता. नर्तकाला पोट भरायला स्टुडिओकडे बघावे लागणे ही मुंबईची जुनी रीत आहे.

या काळात एक कोकणी माणूसही मुंबईत हेच काम करत होता. मालवण भागातले महादेव कांबळी, म्हणजे आचार्य पार्वतीकुमार. इंडियन नॅशनल थिएटरसाठी त्यांनी ‘देख तेरी बंबई’सारखी नृत्यनाट्ये बसवली आणि बॅलेचा दिग्दर्शक म्हणून नाव कमावले. पुढे मात्र ते या वाटेवरून मागे फिरले आणि तंजावरच्या सरफोजीराजांनी भरतनाट्यमसाठी केलेल्या मराठी रचनांच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घातले. सुचेता भिडे-चापेकर, संध्या पुरेचा या त्यांच्याकडे शिकलेल्या. समूहाकडून गुरु-शिष्याकडे झालेले हे वळण त्यांच्या एकट्याचे नव्हते. महाराष्ट्रात नृत्य टिकले ते मंडळींमधून नव्हे, क्लासमधून. वीस नर्तकांना पगार देणे जमत नाही, पण चाळीस मुलींकडून फी घेऊन एका गुरूचे घर चालते. बॅले कंपनीच्या संसारातला शाळेचा भाग आपण उचलला आणि कंपनीचा भाग सोडून दिला, असे म्हटले तरी चालेल.

तरीही एक मंडळी अशी झाली की जिला मराठी लोकांची बॅले कंपनी म्हणायला माझी हरकत नाही, शाहीर साबळे यांची ‘महाराष्ट्राची लोकधारा’. साबळे वाईजवळच्या पसरणीचे. त्यांनी कोळी नृत्य, गोंधळ, वाघ्या-मुरळी, भारूड, बाल्या नाच असे प्रकार एका सलग कार्यक्रमात गुंफले आणि नाट्यगृहात तिकीट लावून दाखवले. त्यातली मुले चाळीतली, गिरणगावातली, बहुतेक कोकणातून आलेल्या घरांतली होती. त्यांना कुणी दांडीला धरून उभे केले नव्हते. तालमीत उभे राहायचे, पुढच्याचे बघायचे, चुकले की शाहिरांचा आवाज ऐकायचा. पण एका कार्यक्रमात सात-आठ प्रकार करायचे तर कोळ्याची कंबर, गोंधळ्याचा पाय आणि बाल्याची गुडघ्यात वाकलेली चाल एकाच शरीराला यावी लागते. शिवाय दोन नाचांच्या मध्ये जेमतेम एका गाण्याइतक्या वेळात पोशाख बदलायचा. यातून तयार झालेली मुले पुढे कुठे गेली ते बघितले की या शिक्षणाची किंमत कळते. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे यांची सुरुवात लोकधारेतली. नाटक आणि चित्रपटात त्यांचे जे टायमिंग आपण वाखाणतो, त्यातला बराचसा भाग नाचाच्या तालमीतला आहे.

इथेही कारकीर्द नाचात पुरी झाली नाही, नाचातून बाहेर पडून झाली. लोकधारेतल्या मुलांना नाईट मिळायची, म्हणजे प्रयोगाचे ठरलेले पैसे. प्रयोग नाही त्या दिवशी काही नाही. मराठी रंगभूमीचा सगळा व्यवहार नाईटवर चालतो आणि नटाला ते निभावून नेता येते, कारण चार नाटकांत एकाच वेळी काम करता येते. नर्तकाला ते जमत नाही, कारण त्याला प्रयोग नसलेल्या दिवशीही शरीर तयार ठेवावेच लागते. आठ दिवस संवाद म्हटले नाहीत तर नट अडखळेल, पण आठ दिवस सराव सुटला तर नर्तक पाय मुरगळून घेईल. नाईट प्रयोगाचे मोल देते. सरावाचे मोल देते ते फक्त मासिक वेतन. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अनुदान योजनेत गुरूला आणि ठरावीक संख्येने शिष्यांना दरमहा मानधन मिळते, त्यावर देशातल्या बऱ्याच नृत्यमंडळ्या तग धरून आहेत. पण त्या योजनेचा अर्ज, लेखापरीक्षण, नोंदणीकृत संस्था हा सगळा खटाटोप जाखडी मंडळाच्या खजिनदाराला झेपेल असा नाही.

मग आज पेणच्या एखाद्या मुलीला किंवा रोह्याच्या मुलाला नाचातच राहायचे असेल तर वाट कोणती?

पहिली वाट क्लासची. कथ्थक किंवा भरतनाट्यम शिकायचे, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. एकही परीक्षा न चुकता दिली तरी सहा-सात वर्षे लागतात, म्हणजे तिसरीत सुरू करणारी मुलगी दहावीच्या आसपास विशारद होते. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे अलीकडे आईवडील या वाटेला फारशी हरकत घेत नाहीत. गुणांसाठी का होईना, पायात घुंगरू चढतात. दहावी झाली की त्यातल्या निम्म्याहून जास्त मुली गळतात, हे मात्र कुठल्याही क्लासच्या बाईंना विचारा, त्या सांगतील. पुढे जायचे तर गाडीला पर्याय नाही. रोहा, नागोठणे, पेण, पनवेल, तिथून हार्बर. मंडळाचे मोठे केंद्र वाशीला, नृत्याची पदवी देणारे कनक रेळे यांचे नालंदा महाविद्यालय जुहूला. दिव्याच्या गाडीची वेळ आणि रियाजाची वेळ यांचा मेळ ज्या मुलीच्या घरच्यांनी बसवून दिला, ती टिकते. प्रतिभेइतकेच वेळापत्रकाचे हे काम आहे.

दुसरी वाट कॉलेजच्या युवा महोत्सवाची. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो, त्यामुळे इथल्या कॉलेजांचे संघ मुंबईच्या संघांशी भिडतात. लोकनृत्य हा तिथला मानाचा प्रकार, आणि कोळी नृत्य किंवा जाखडी ही कोकणातल्या कॉलेजांची घरची वस्तू. पण रात्रभर चालणारी जाखडी दहा मिनिटांत बसवायची म्हटल्यावर शाहिराचे कूट प्रश्न आधी जातात. उरतो तो वेग, रांगा, मनोरे आणि एकसारखे रंगीत पोशाख. जुने शाहीर यावर नाराज असतात आणि त्यांची बाजू मला पटते. मात्र याच दहा मिनिटांत एक गोष्ट अशी घडते जी वाडीवरच्या अंगणात कधी घडली नाही. नाचणारा मधोमध येतो आणि गाणारा बाजूला सरतो. नृत्यदिग्दर्शक नावाचा माणूस जन्माला येतो, त्याला कॉलेज मानधन देते, एकाच हंगामात तो तीन-चार कॉलेजांचे नाच बसवतो. नाचातून नियमित मिळकत कमावणारे आज रायगडात जे कोणी आहेत, त्यात या बसवणाऱ्यांचा भरणा मोठा आहे. लोककला हा विषय धरून शिकायचे तर विद्यापीठाची लोककला अकादमीही कलिन्याला आहे.

तिसरी वाट हळदीची. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या पट्ट्यातल्या आगरी-कोळी हळदी म्हणजे लग्नाहून मोठा थाट. ऑर्केस्ट्रा, बँजो, स्टेज, आणि स्टेजवर कोळी पेहरावातले नाचणारे. सुपारी आली की दहा-बारा जणांचा ग्रुप टेम्पोत बसतो. लग्नसराईत रोज रात्री काम, पावसाळ्यात शुकशुकाट. इथे शिक्षण असे नसते, असते ती उमेदवारी. मागच्या रांगेत उभे राहायचे, गाणी पाठ करायची, एक दिवस पुढचा आजारी पडतो आणि जागा मिळते. सुशिक्षित लोक या नाचाकडे नाक मुरडून बघतात. पण पैसे रोख मिळतात, प्रेक्षक तुडुंब असतात आणि एखाद्या मुलाला आपल्याला नाचायचेच आहे हे पहिल्यांदा कळते ते बहुधा इथेच.

आणि अगदी विरळा अशी चौथी वाट, खऱ्याखुऱ्या बॅलेची. मुंबईत तुश्ना दलास यांनी 1966 मध्ये बॅलेची शाळा काढली, पण ही कला बराच काळ दक्षिण मुंबईच्या घरांपुरती राहिली. मग मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शहा ही दोन मुले आली. एकाचे वडील टॅक्सी चालवणारे, दुसऱ्याचे वेल्डिंग करणारे. दोघेही रस्त्यावरच्या नाचातून, कोलांट्यांतून आलेले. यहुदा माओर नावाच्या इस्रायली-अमेरिकन शिक्षकाने त्यांना मुंबईत शिकवले. शहा 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. चौहान अमेरिकेत पोर्टलंडच्या ओरेगन बॅले थिएटरच्या शाळेत पोहोचला, म्हणजे नेमका वर सांगितलेल्या जातीच्या प्रादेशिक कंपनीत. त्यांच्यावरचा सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ हा चित्रपट 2020 मध्ये आला आणि त्यात चौहानने स्वतःच्याच आयुष्यावरची भूमिका केली. चित्रपट बघून कुणाला वाटेल की जिद्द असली की झाले. पण बॅलेत वय आडवे येते. चौहानने सुरुवात केली ती विशीच्या उंबरठ्यावर. ज्या वयात तिकडची मुले करारावर सही करतात, त्या वयात तो पाऊल कसे ठेवावे हे शिकत होता. त्याच्या शरीराने जे साध्य केले ते अपवाद आहे, आणि अपवादावरून कुणी आपल्या मुलाला शाळा सोडायला लावू नये.

शरीराचा विषय निघालाच आहे तर जमिनीबद्दल बोलायला हवे, कारण नाचाच्या चर्चेत ती नेहमी राहून जाते. उडी मारून खाली येताना पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. बॅलेच्या सरावगृहात म्हणूनच लाकडी फळ्यांखाली दबणारा थर असतो आणि तो धक्क्याचा काही भाग शोषून घेतो. तसा थर नसेल तर नडगीचे दुखणे आणि पावलाच्या लांब हाडांना बारीक तडे जाणे ठरलेले. जाखडी पूर्वी मातीच्या, शेणाने सारवलेल्या अंगणात व्हायची. अनवाणी पाऊल, किंचित वाकलेले गुडघे, फार उंच उड्या नाहीत, लय रात्रभर टिकेल अशी बेताची. त्या चालीमागे कुणी शास्त्र लिहून ठेवले नव्हते, पण पन्नाशीतला माणूस ती सहज करू शकायचा आणि अजूनही करतो. आता अंगणात कोबा किंवा फरशी आली, मंडपात काँक्रीट आले, आणि स्पर्धेमुळे उड्या व वेग वाढला. म्हणजे नाच कठीण झाला आणि जमीनही कठीण झाली. एखाद्या मंडळाने सरावासाठी नुसते मातीचे पटांगण राखले किंवा फरशीवर जाड सतरंज्यांखाली रबराच्या चटया घातल्या, तरी पोरांचे पाय दोन-चार वर्षे जास्त टिकतील. याला खर्च मृदंगापेक्षा कमी येतो.

बॅले नर्तक साधारण पस्तिशीत थांबतो. पॅरिस ऑपेरात निवृत्तीचे वय 42 आहे आणि तिथून पेन्शन सुरू होते. तिची मुळे चौदाव्या लुईच्या काळापर्यंत जातात. 2019 च्या डिसेंबरात सरकारने ही सवलत काढायचे ठरवले, तेव्हा नर्तकींनी कडाक्याच्या थंडीत ऑपेराच्या पायऱ्यांवर ‘स्वान लेक’मधला भाग नाचून निषेध केला. ब्रिटनमध्ये तर निवृत्त नर्तकांना दुसरा व्यवसाय शिकवण्यासाठी 1973 पासून वेगळा निधी आहे. पस्तिशीत थांबणाऱ्या माणसाला नवे काही शिकावे लागणारच, हे त्यांनी गृहीत धरले. जाखडीच्या गड्याला या व्यवस्थेची गरज पडत नाही, कारण त्याचा दुसरा व्यवसाय पहिल्यापासूनच असतो. त्याला कुणी पगार दिला नाही, म्हणून त्याला कुणी निवृत्तही करू शकत नाही. ही त्याची ताकद आहे, असे म्हणून कौतुक करण्याचा मोह होतो. पण ज्याला नाचात अधिक काही करायचे होते, ज्याचे पाय विलक्षण होते आणि जो पाळी सोडू शकला नाही, अशा माणसाचे काय झाले हे आपल्याला कधीच कळत नाही. आणि बाईला तर या गोलात फार उशिरा जागा मिळाली. महिलांची शक्ती-तुरा मंडळे आता दिसतात, पण अंगणातला नाच पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचाच होता. हौशी रचनेत दार कुणासाठी उघडायचे हे गाव ठरवते, कंपनीत निदान निवड चाचणी असते.

महाराष्ट्र शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला अर्ज करता येतो आणि 2024 पासून वर्गवारी न करता सरसकट दरमहा 5,000 रुपये ठरले आहेत. अर्जासोबत कलाक्षेत्रातल्या दीर्घ कामाचे पुरावे लागतात, म्हणजे प्रमाणपत्रे, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणे. शाहिराकडे हे सगळे असते, कारण फलकावर त्याचे नाव छापलेले असते. परळच्या दामोदर नाट्यगृहात सामने होत, तेव्हा त्यांची जाहिरातही त्याच्याच नावाने लागे. भोवती तीस वर्षे नाचलेल्याकडे फार तर एखादा गटाचा फोटो असतो, त्यातही चेहरा मृदंगाआड. मंडळाच्या इतिवृत्तात प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, गाव आणि नाचणाऱ्यांची नावे लिहून खाली सरपंचाची किंवा आयोजकांची सही घेतली, तर हा पुरावा आपोआप तयार होतो. काही मंडळांचे चिटणीस हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर अशी नावे लिहितात, पण ती वहीही विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हिशेब मिटला की कपाटात जाते आणि पुढच्या वर्षी नवी वही येते. जुनी जपून ठेवायला हवी.